उघड्या टपाची मोटार आणि गिअरची निवड

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त आज बरींच वर्षें अमेरिकेंत राहतो. गेल्या नाताळांत त्याचें पत्र आलें. कुशलप्रश्न झाल्यावर त्यानें लिहिलें होतें : “सर, लहानपणापासून एक हौस मनांत आहे. दोनच माणसें बसतील अशी, टप मागें सारतां येईल अशी चपळ मोटार आयुष्यांत एकदां तरी आपली असावी. आतां तितके पैसे सांठले आहेत. गाडीही ठरली आहे. जपानांतील माझदा कंपनीची ‘एमएक्स-५’. परंतु एका गोष्टीवर घोडें अडलें आहे. ही गाडी हातानें गिअर बदलण्याची मिळते, तशीच आपोआप गिअर बदलणारीही मिळते. मित्र म्हणतात, अशी गाडी घेऊन हातगिअर न घेणें म्हणजे तबला विकत आणून तो दुसऱ्याकडून वाजवून घेणें होय. उलटपक्षीं, माझ्या डाव्या गुडघ्यावर दोन वर्षांपूर्वीं शस्त्रक्रिया झाली आहे, आणि सौभाग्यवतीस हातगिअर मुळींच येत नाहीं. मुलगा येत्या वर्षीं गाडी शिकावयास लागेल. तो मात्र हातगिअरचा हट्ट धरून बसला आहे. दंतचक्रांचा धडा आपणच आम्हांस शिकविला. तेव्हां निवाडाही आपणच करावा.”

प्रस्तुत लेखकाजवळ अशी गाडी कधीं नव्हती व पुढें असण्याचाही संभव नाहीं. तथापि प्रश्न चांगला आहे. एखादें यंत्र विकत घेतांना तें काय करतें, कसें करतें आणि आपणांस त्याचें प्रयोजन काय, हे तीन प्रश्न ज्यानें विचारले तो सहसा फसत नाहीं. दहावीच्या वर्गांत मीं हें पत्र वाचून दाखविलें, तेव्हां तासभर वाद झाला. त्या वादांतूनच हा लेख निघाला आहे.

गिअर हवाच कशाला?

आरंभ मुळापासून करूं. मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारें २ मीटर असतो असें धरा. गाडी तासास ६० किलोमीटर वेगानें चालली असतां ती मिनिटास १,००० मीटर जाते. म्हणजे चाक मिनिटास ५०० फेरे घेतें. माणसाच्या भरभर चालण्याचा वेग तासास ६ किलोमीटर. त्या वेगानें चाकाचे फेरे मिनिटास अवघे ५० होतात. आणि गाडी उभी असतां फेरे शून्य.

आतां इंजिनाकडे पहा. मोटारीचें पेट्रोलचें इंजिन सामान्यतः मिनिटास सातआठशें फेऱ्यांच्या फारसें खालीं चालूं शकत नाहीं. तें गुदमरतें व बंद पडतें. शिवाय त्याचा खरा जोर मधल्या व वरच्या फेऱ्यांत असतो. ज्या गाडीविषयीं पत्रांत लिहिलें आहे तिचें इंजिन २ लिटरचें असून तें मिनिटास सुमारें ७,५०० फेऱ्यांपर्यंत जातें. एका बाजूस शून्यापासून फिरणारें चाक आणि दुसऱ्या बाजूस सातआठशेंच्या खालीं न उतरणारें इंजिन, या दोघांचा संसार लावून देण्याचें काम गिअरपेटीस करावें लागतें.

सायकलीवरून शाळेंत येणाऱ्या मुलांना हें तत्त्व पायांनींच ठाऊक आहे. गिअरच्या सायकलीवर चढ लागला कीं मागचें मोठें चक्र घ्यावें; पाय पुष्कळ फिरतात, चाक थोडें फिरतें, परंतु चढ सहज चढवतो. सपाटीवर लहान चक्र घ्यावें. पाय हळू फिरतात आणि सायकल धांवते. ही जोर व वेग यांची अदलाबदल आहे; फुकट कांहींच मिळत नाहीं. एमएक्स-५ च्या सहा गिअरांच्या हातपेटींत पहिल्या गिअरावर इंजिनाचे सुमारें साडेचौदा फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. सहाव्या गिअरावर तीनांहून किंचित् कमी फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. गणित करून पहा. पहिल्या गिअरावर इंजिन ८०० फेरे घेत असेल तर चाक सुमारें ५५ फेरे घेईल, म्हणजे गाडी माणसाच्या चालीनें जाईल. सहाव्या गिअरावर तासास १०० किलोमीटर वेग असतां इंजिनाचे फेरे २,४०० च्या आसपास राहतात.

यांतील एक अडचण चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. पहिल्या गिअरावरही इंजिनाचा कमींत कमी वेग माणसाच्या चालीइतका आहे. मग उभी गाडी हलवावी कशी? शून्यापासून चालीपर्यंतची ही पहिली पायरी केवळ दंतचक्रांनीं चढतां येत नाहीं. तेथें कांहींतरी घसरावें लागतें. हातगिअरच्या गाडींत घसरण्याचें काम क्लच करतो. आपोआप गिअरच्या जुन्या व रूढ पद्धतींत तेंच काम तेल करतें. दोन्ही पद्धतींतला मूळ भेद हाच; बाकीचे भेद त्यांतूनच निघतात.

हातगिअरची रचना

इंजिनाच्या टोंकास एक जड चाक असतें. त्याच्यासमोर घर्षणाचें अस्तर लावलेली तबकडी असते, आणि बळकट स्प्रिंग तिला त्या चाकावर दाबून धरते. डाव्या पायानें पेडल दाबलें कीं दाब सुटतो. इंजिन व गिअरपेटी विलग होतात. पेडल हळूहळू सोडलें कीं तबकडी आधीं घसरते, मग पकडते, आणि शेवटीं दोन्ही एकजीव होऊन फिरतात. शिकाऊ माणूस पेडल एकदम सोडतो; गाडी बेडकासारखी उडी मारते व इंजिन बंद पडतें. आमच्या पालकवाचकांपैकीं पुष्कळांना हा अनुभव आठवत असेल व तेव्हां मागून वाजलेले कर्णेही आठवत असतील.

पेटींतल्या चक्रांचे वेग न जुळवितां तीं एकमेकांत ढकललीं तर दांते करकरतात. जुन्या काळीं हा वेग चालकाला कानानें जुळवावा लागे. खालचा गिअर टाकतांना क्लच दोनदां दाबून मध्यें इंजिनास थोडा वेग द्यावा लागे. सन १९२८ मध्यें अमेरिकेंत कॅडिलॅक गाडींत ‘सिंक्रोमेश’ नांवाची योजना आली. तिच्या आजच्या रूपांत शंकूच्या आकाराच्या लहान कड्या असतात. दांते गुंतण्यापूर्वीं त्या घर्षणानें दोन्ही बाजूंचे वेग सारखे करून घेतात. आज हातगिअर मुलायमपणें पडतो तो या कड्यांच्या पुण्याईनें.

मुंबईकरांना पद्मिनी टॅक्सी आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या या गाडीच्या गिअरचा दांडा बहुधा स्टिअरिंगच्या खांबासच लावलेला असे. सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली व ती रस्त्यावरून नाहींशी झाली. ज्यांनीं त्या टॅक्सींत पुढें बसून प्रवास केला त्यांनीं डाव्या हाताचें व डाव्या पायाचें तें अखंड चाललेलें काम डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आपोआप गिअरची रचना

दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवले आहेत अशी कल्पना करा. एक चालू आहे. दुसऱ्यास वीज दिलेली नाहीं. पहिल्याच्या वाऱ्यानें दुसराही हळूहळू फिरूं लागेल. दुसरा अडून राहिला तरी पहिला बंद पडणार नाहीं. आतां वाऱ्याच्या जागीं तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यांत ठेवा. इंजिनाचा पंखा तेल फेंकतो, गिअरपेटीचा पंखा तें झेलतो. गाडी उभी असतांना तेल नुसतें घसरतें. इंजिनास वेग दिला कीं तें दुसऱ्या पंख्यास रेटूं लागतें. दोहोंच्या मध्यें पात्यांचें तिसरें एक चक्र बसवून परत येणारें तेल योग्य दिशेनें वळविलें म्हणजे निघतांना गाडीचा जोरही वाढतो. ही युक्ति हर्मान फ्यॉटिंगर या जर्मन शास्त्रज्ञानें काढली. सन १९०५ मध्यें त्यानें तिचें पेटंट घेतलें, आणि तें मोटारीसाठीं नव्हे तर जहाजांसाठीं.

दुसरा भाग ग्रहचक्रांचा. मध्यें एक सूर्यचक्र, त्याच्याभोंवतीं फिरणारीं लहान ग्रहचक्रें, आणि सर्वांच्या बाहेर आंतून दांते असलेलें कडें. या तिघांपैकीं कोणास धरून ठेवलें व कोणास मोकळें सोडलें यावर वेग कमी होईल, वाढेल किंवा उलटा होईल हें ठरतें. यांत दांते सदैव गुंतलेलेच असतात. तेव्हां करकरण्याचा प्रश्नच नाहीं. हेन्री फोर्डच्या सन १९०८ च्या ‘मॉडेल टी’ गाडींत अशींच ग्रहचक्रें असून त्यांचे दोन गिअर पायांनीं चालवीत. पुढें पायांचें तें काम तेलाच्या दाबावर सोंपविण्यांत आलें. सन १९३९ मध्यें जनरल मोटर्स कंपनीनें ‘हायड्रामॅटिक’ नांवाची चार गिअरांची पेटी सन १९४० च्या ओल्ड्‌समोबिल गाड्यांसाठीं जाहीर केली, आणि क्लचचें पेडल गाडींतून नाहींसें झालें. दुसऱ्या महायुद्धांत हीच पेटी अमेरिकेच्या कांहीं हलक्या रणगाड्यांतही बसविली गेली.

तेल घसरतें म्हणजे कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. म्हणूनच आपोआप गिअरच्या जुन्या गाड्या पेट्रोल अधिक पीत व चालावयास सुस्त असत. अलीकडच्या पेट्यांत गाडीनें वेग घेतला कीं दोन्ही पंखे एका कुलुपी क्लचनें जोडले जातात व घसरण थांबते. गिअरही दोनतीनांऐवजीं सहा, आठ किंवा दहा असतात. त्यामुळें पूर्वीचा दोष बहुतेक दूर झाला आहे. सांप्रतच्या एमएक्स-५ मध्यें दोन्ही प्रकारच्या गाड्यांचा पेट्रोलचा खर्च जवळजवळ सारखाच येतो.

यांखेरीज आणखी दोन प्रकार सांगितले पाहिजेत. एक जोडक्लचचा. त्यांत एक क्लच विषम गिअरांचा व दुसरा सम गिअरांचा असतो. तिसरा गिअर चालू असतांच चौथा तयार राहतो, आणि बदल डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतो. सन १९८० नंतरच्या दशकांत पोर्शे कंपनीनें तो शर्यतीच्या गाड्यांत वापरला, आणि सन २००३ मध्यें फोक्सवॅगननें तो सामान्य विक्रीच्या गाडींत आणला. दुसरा प्रकार आपल्याकडे मध्यमवर्गास परिचयाचा आहे. सन २०१४ मध्यें मारुती सुझुकीची सेलेरिओ गाडी निघाली. तिच्या एका नमुन्यांत पेटी व क्लच हातगिअरचेच असून ते दाबण्याचें व ओढण्याचें काम मात्र यंत्र करतें. हा प्रकार स्वस्त पडतो. गिअर बदलतांना किंचित् हिसका बसतो एवढेंच.

उघड्या टपाच्या गाड्यांचा इतिहास

टांग्याचा टप मागें सारून वारा घेण्याची हौस आपल्याकडेही जुनीच होती. मोटारीच्या बाल्यावस्थेंत बहुतेक गाड्या उघड्याच असत. पक्कें छप्पर ही चैन समजली जाई. पुढें छप्पर सर्वांचें झालें व उघडी गाडी हीच चैन ठरली.

टप काढल्यानें केवळ ऊन व पाऊस आंत येतात असें नाहीं. पुठ्ठ्याच्या खोक्याचें झांकण चिकटवून तें खोकें पिळून पहा. मग झांकण कापून टाका व पुन्हां पिळून पहा. दुसऱ्या वेळीं तें सहज वांकडें होतें. मोटारीचेंही तसेंच आहे. म्हणून उघड्या गाडीचा तळ व बाजू अधिक मजबूत कराव्या लागतात, आणि गाडी उलटल्यास डोक्याचें रक्षण व्हावें म्हणून आसनांच्या मागें बळकट कमानी ठेवतात. अशा गाडींत पट्टा न बांधतां बसणें हें शौर्य नव्हे, मूर्खपणा होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांत राहिलेल्या अमेरिकन शिपायांनीं तेथील लहान उघड्या गाड्या पाहिल्या व ते त्यांवर लुब्ध झाले. सन १९४५ ते १९४९ या काळांत सुमारें १० हजार निघालेली ‘एमजी टीसी’ ही त्यांतली प्रसिद्ध गाडी. तिला चार हातगिअर होते. अमेरिकेनें याला दिलेलें उत्तर म्हणजे शेव्हरोले कंपनीची ‘कॉर्व्हेट’. सन १९५३ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलांत ती लोकांस दाखविण्यांत आली, आणि त्याच वर्षीं ३० जून रोजीं मिशिगन संस्थानांतील फ्लिंट येथें पहिली गाडी तयार झाली. त्या वर्षीं अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. सर्व बाहेरून पांढऱ्या व आंतून तांबड्या. आणि गंमत अशी कीं, या शर्यतीच्या थाटाच्या गाडीला हातगिअर मुळींच नव्हता. दोन गिअरांची आपोआप चालणारी पेटी, एवढेंच तिच्या नशिबीं होतें. शौकिनांनीं नाकें मुरडलीं. सन १९५५ मध्यें तिला आठ सिलिंडरांचें इंजिन मिळालें व त्याच हंगामाच्या अखेरीस तीन हातगिअर आले. सन १९५७ मध्यें चार आले. त्यानंतर कित्येक दशकें हातगिअर हाच या गाडीचा अभिमान होऊन बसला.

परंतु काळाचें चक्रही दंतचक्रासारखें फिरतें. सन २०२० च्या कॉर्व्हेटचें इंजिन आसनांच्या मागें गेलें, आठ गिअरांची जोडक्लच पेटी आली, आणि हातगिअर पुन्हां नाहींसा झाला. ६७ वर्षांनीं गाडी जेथून निघाली तेथेंच परत आली. फरक एवढाच कीं, सन १९५३ मधली पेटी माणसाच्या हाताहून मंद होती; सन २०२० मधली कोणाही माणसाच्या हाताहून जलद आहे.

आमच्या विद्यार्थ्याची एमएक्स-५ मात्र निराळ्या वाटेची. सन १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत ती प्रथम दिसली. इंजिन केवळ १.६ लिटरचें, अंग हलकें, गिअर पांच व तेही हाताचे. आपोआप गिअर पुढें हौसेप्रमाणें मिळूं लागला. प्रचंड शक्ति हें तिचें वैशिष्ट्य कधींच नव्हतें. हलकेपणा हें होतें. सन २०१६ च्या एप्रिलांत या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनांच्या चपळ उघड्या गाड्यांत इतका खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाहीं.

येथें एका भाकिताची आठवण ठेवण्याजोगी आहे. सन १९७६ मध्यें अमेरिकेंत कॅडिलॅक एल्डोराडो ही गाडी ‘शेवटची अमेरिकन उघडी मोटार’ म्हणून गाजविण्यांत आली. सहा वर्षांतच, सन १९८२ मध्यें, क्रायस्लर कंपनीनें नवी उघडी मोटार बाजारांत आणली व ती खपलीही. म्हणून हातगिअर मेला असें आज कोणी सांगूं लागला तर त्यावरही एकदम विश्वास ठेवूं नये. अर्थात् विजेच्या गाडींत हा प्रश्नच उरत नाहीं, हें खरें. विजेचें यंत्र शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देतें. त्याला क्लच नको, व बहुधा एकच गिअर पुरतो. टेस्ला कंपनीची सन २००८ ची पहिली गाडी दोन आसनांचीच होती व तिचाही टप काढतां येई. तिला प्रथम दोन गिअर देण्याचा बेत होता, पण ती पेटी टिकेना, म्हणून अखेर एकाच गिअरावर भागविण्यांत आलें.

गुणदोषांचा ताळा

आतां निवाड्याकडे वळूं. हातगिअरच्या बाजूनें प्रथम बोलावयाचें तर, त्यांत चालक केवळ हुकूम देत नाहीं, कामांत भाग घेतो. वळण येण्यापूर्वींच कोणता गिअर हवा हें त्याला ठरवावें लागतें. त्यामुळें त्याची दृष्टि पुढें राहते. पेटी साधी, दुरुस्ती सोपी; झिजतो तो मुख्यतः क्लच, आणि तोही पेडलवर पाय ठेवून बसण्याच्या संवयीनें लवकर झिजतो. हातगिअर शिकलेला मनुष्य दुसरा प्रकार थोड्या वेळांत शिकतो. परंतु याच्या उलट होत नाहीं. इंग्लंडांत तर आपोआप गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली तर परवानाही तेवढ्याच गाड्यांपुरता मिळतो.

आपोआप गिअरच्या बाजूनेंही थोडें बोलावयाचें नाहीं. गर्दींत पांव पांव पुढें सरकतांना डाव्या पायास विश्रांति मिळते. चढावर गाडी मागें घसरण्याचें भय कमी होतें. नवशिक्याचें सर्व लक्ष रस्त्याकडे राहूं शकतें. मात्र यालाही स्वतःचे धोके आहेत. गिअर ‘डी’ वर असतांना ब्रेकवरचा पाय काढला कीं गाडी आपण होऊन सरकूं लागते. घाबरलेला मनुष्य ब्रेक समजून वेगाचें पेडल दाबण्याची चूक करतो, आणि अशा वेळीं गाडी थांबवावयास क्लच नसतो. म्हणून ब्रेक व वेग ही दोन्ही कामें उजव्याच पायानें करावीं, असा नियम आहे.

घाटाचा नियम मात्र दोघांनाही सारखाच लागू आहे. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार बोरघाटासारख्या घाटांतून सुमारें ५०० मीटर उंची उतरली असें समजा. उतरतांना जी शक्ति मोकळी होते तिच्या उष्णतेनें साधारण हवेइतकें कोमट सुमारें १८ लिटर पाणी उकळीस येईल. सारा उतार ब्रेक दाबून उतरला तर ही उष्णता मुख्यतः चाकांशीं असलेल्या ब्रेकांतच सांठते. ते तापतात व त्यांची पकड जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनासच गाडी अडवूं द्यावी. आपोआप गिअरच्या गाडींतही यासाठीं खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती वापरावयाची असते हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. यंत्र आपोआप चालतें म्हणून विचारही आपोआप होईल असें मानणें धोक्याचें आहे.

वर्गांतला निकाल

वर्गांत मत घेतलें तेव्हां जवळजवळ सर्व हात हातगिअरच्या बाजूनें वर गेले. मुलांस तें मर्दानी वाटलें, मुलींनींही “आम्हांला कां येणार नाहीं?” म्हणून त्याच बाजूस हात वर केले. एकच मुलगा गप्प होता. त्याला उभें केलें तेव्हां तो हळूच म्हणाला, “सर, माझे वडील बस चालवितात. रात्रीं घरीं आल्यावर आई त्यांच्या डाव्या गुडघ्यास तेल चोळते. ज्यांना रविवारीं फिरावयाचें आहे त्यांना हातगिअर ठीक आहे. ज्यांना रोज चालवावयाचें आहे त्यांना विचारा.” वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवशीं दंतचक्रांविषयीं जें मला शिकवितां आलें नसतें तें त्या मुलानें शिकविलें.

त्या मुलाचें बोलणें मनांत ठेवूनच मीं उत्तर लिहिलें. “तुझ्या मित्रांची तबल्याची उपमा सुंदर आहे, परंतु ती मित्रांची आहे, गुडघा तुझा आहे. उघड्या गाडीचें सुख कशांत आहे तें आधीं वेगवेगळें करून पहा. डोक्यावरचें आकाश, अंगावरचा वारा, हलक्या गाडीचें वळणावरचें चापल्य, शेजारीं बसलेलें माणूस, आणि हातांतला गिअर. या पांचांपैकीं चार दोन्ही गाड्यांत सारखींच आहेत. पांचव्यासाठीं गुडघा पणास लावावयाचा कीं नाहीं हें वैद्यांस विचार, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या गर्दीच्या वेळीं तासभर चालवून पाहिल्यावांचून पैसे देऊं नकोस. पत्नीस जी गाडी चालवितां येत नाहीं ती घरची गाडी नव्हे, तुझी एकट्याची आहे, हेंही लक्षांत घे. मुलाचा हट्ट मात्र रास्त आहे. त्याला शिकवणीच्या गाडीवर हातगिअर अवश्य शिकीव. कला शिकावी, पण ती शिकण्यासाठीं घरांतल्या सर्वांनीं त्रास सोसावा असें नाहीं.”

दोन महिन्यांनीं त्याचें उत्तर आलें. त्यानें दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या, आणि आपोआप गिअरची घेतली. मुलगा आठवडाभर रुसला होता, पण आतां एका शेजाऱ्याच्या जुन्या हातगिअरच्या गाडीवर शनिवारीं धडे घेत आहे. गाडी बेडकासारखी उड्या मारते असें त्यानें स्वतःच हंसत सांगितलें. शेवटीं पत्रांत असें होतें : “पहिल्या रविवारीं टप मागें सारला आणि किल्ली हिच्या हातीं दिली. वीस वर्षें कोठेंही जावयाचें तर गाडी मीच चालवीत आलों. रस्त्याखेरीज मला कांहीं दिसत नसे. त्या दिवशीं मी प्रथमच शेजारीं बसलों. समुद्राच्या कडेनें जातांना हिचा चेहरा पाहिला, आणि सर, गिअरचा विचारही मनांत आला नाहीं.”

पत्र मीं वर्गांत वाचून दाखविलें. बसचालकाच्या मुलानें तें दोनदां वाचावयास मागून घेतलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कोणीही अठरा वर्षांचा होऊन परवाना मिळाल्यावांचून स्टिअरिंगला हात लावूं नये, हें सांगणें माझें कर्तव्यच आहे. पुढें जेव्हां तुम्ही गाडी घ्याल, मग ती दोन आसनांची असो वा मालवाहू टेंपो असो, तेव्हां ती कशी चालते हें आधीं समजून घ्या, आणि ती कोणासाठीं चालावयाची आहे हें त्याहून आधीं ठरवा.